पावावर जमलेले मासे

मालवणच्या जेटीवरून सुटलेली होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांपाशी थांबते. स्नॉर्कलिंगला आलेल्या पर्यटकाला लाइफ जॅकेट, मास्क आणि तोंडात धरायची नळी मिळते. पुष्कळदा हातात पावाचा नाहीतर बिस्किटाचा तुकडाही. तो पाण्यात कुस्करला की पिवळसर पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे झुंडीने येतात, हाताभोवती घिरट्या घालतात, बोटांनाही टोचे मारतात. व्हिडिओ झकास होतो. ‘मालवणला मासे किती!’ असं सांगत माणसं घरी जातात.

मासे आनंदाने खातात, तर बिघडलं कुठे? या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर पार बहामाच्या एक्झुमा बेटांवरून आलं आहे. तिथे घोरपडीसारखे दिसणारे रॉक इग्वाना राहतात. होड्या भरभरून पर्यटक येतात आणि काडीला टोचून त्यांना द्राक्षं भरवतात. इग्वाना मुख्यतः झाडपाल्यावर जगणारा प्राणी. द्राक्षाएवढी साखर त्याच्या रोजच्या खाण्यात नसते. संशोधक चार्ल्स नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्यटकांच्या बेटांवरचे आणि माणसांचा वावर नसलेल्या बेटांवरचे इग्वाना पकडून त्यांचं रक्त तपासलं. भरवलेल्या प्राण्यांच्या रक्तातली साखर वाढलेली होती, यूरिक अॅसिडचं प्रमाण बदललेलं होतं आणि पोटात जंतही जास्त होते. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२२ च्या अभ्यासात इग्वानांना मोजून साखर पाजली, तेव्हा पर्यटकांच्या बेटांवरच्या इग्वानांची रक्तशर्करा जास्त चढली आणि उतरायला जास्त वेळ लागला. मधुमेहाच्या तपासणीला गेलेल्या कुणालाही ही चाचणी ओळखीची वाटेल. नुसतं बघून यातलं काहीच कळलं नसतं.

माशांच्या बाबतीत मला पोटापेक्षाही शेजाराची काळजी जास्त वाटते. पावावर सगळे मासे येत नाहीत. धीट, झुंडीने फिरणारे, मिळेल ते खाणारे येतात. बुजरे लांबच राहतात. इटलीतल्या एका संरक्षित सागरी क्षेत्रात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. पर्यटक जिथे खाऊ घालत तिथे धीट मासे गोळा झाले आणि त्यांनी खडकावरच्या दुसऱ्या एका जातीच्या लहान माशांच्या अंड्यांवर हल्ले वाढवले. भरवणाऱ्याला दिसली ती माशांची गर्दी, आणि त्या गर्दीने फस्त केली पुढची पिढी.

आपला सार्जंट मेजरही अंडी खडकावरच चिकटवतो. नर त्या ठिकाणी निळसर पडतो आणि जांभळट अंड्यांच्या थराभोवती पहारा देतो. कुणी जवळ आलं की धावून जातो, लगेच परततो. अशा खडकाच्या डोक्यावर दिवसभर पाव कुस्करला गेला, तर खवय्यांची केवढी फौज त्या एकट्या नराला थोपवावी लागेल?

न खाल्लेला पाव कुजतो, पाण्यातली पोषकद्रव्यं वाढवतो आणि शेवाळाला खत मिळतं. शेवाळ माजलं की प्रवाळाची जागा जाते. प्रवाळ हा प्राणी आहे, दगड नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ३.१८, आणि त्यात किल्ल्याभोवतीचं पाणी आणि पद्मगड बेट येतात. पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे इथल्या प्रवाळाची मोडतोड होत असल्याचं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्येच दाखवून दिलं. आधीच लाथा खाणाऱ्या प्रवाळावर आपण खाऊचा भारही टाकावा का?

याचा दोष एकट्या गाईडच्या माथी मारणं मला मान्य नाही. होडीवरचा मुलगा बहुधा मच्छीमाराच्याच घरातला असतो, पावसाळ्यात हा धंदा बंद, आणि पैसे मोजलेल्या माणसाला मासे दिसले नाहीत तर बोल त्यालाच लागतो. पाव म्हणजे त्याची हमी.

बहामातल्या संशोधकांनी भरवणं एकदम बंद करा असा हट्ट धरला नव्हता. इग्वानाच्या प्रकृतीला मानवेल असं तयार खाद्य द्राक्षांऐवजी द्यावं, असा पर्याय त्यांनी सुचवला. मालवणला मात्र तो लागू पडणार नाही. माशांचं पौष्टिक खाद्य दिलं तरी झुंड जमायची ती जमणारच, अंड्यांवरचं संकट टळणार नाही. इथे पावच होडीत चढू द्यायचा नाही, हाच उपाय. हिवाळ्यात पाणी नितळ असताना खडकाजवळ पाय न मारता थोडा वेळ तरंगत राहिलं तर पोपटमासा खडकावरचं शेवाळ खरवडताना दिसतो, फुलपाखरू मासे जोडीने फिरताना दिसतात, आणि नशीब असेल तर पहाऱ्यावरचा तो निळसर नरही. ते कुठे पाहायचं हे गाईडइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्या माहितीचे पैसे त्याने जरूर घ्यावेत.