घरातली जुनी तलवार

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला एक तलवार आहे. वर्षभर तिच्याकडे कोणी बघत नाही. खंडेनवमीला मात्र ती खाली उतरते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते आणि दसरा झाला की पुन्हा खुंटीला. मागच्या खंडेनवमीला आई म्हणाली, "भांडी घासतेच आहेस तर तलवारपण घासून टाक." मी चिंच आणि विटकरीचा भुगा घेऊन तासभर घासली. अगदी ताटासारखी लखलखली. मला वाटलं, आबा शाबासकी देतील. आबांनी ती हातात घेतली, मुठीजवळ पात्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरी, हितं दोन चंद्र होते गं. आता एकच राहिला."

मला रडूच आलं. म्हणून हा लेख लिहिते आहे. आपल्या गावात अजून कितीतरी घरांत जुनी तलवार, कट्यार नाहीतर जंबिया असेल.

पुढे आमची सहल पुण्याला गेली, तेव्हा आम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, शस्त्रे अशा हजारो वस्तू जन्मभर गोळा केल्या, त्या संग्रहाला आपल्या वारलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले आणि १९६२ साली संग्रह सरकारला देऊन टाकला. शस्त्रांच्या दालनात मी तिथल्या एका काकांना आमच्या तलवारीवरचा चंद्र वहीत काढून दाखवला. काका म्हणाले, "हा चंद्र नव्हे, विळा. आतल्या बाजूला दाते आहेत ना?" होते.

मग त्यांनी समजावून सांगितलं. समोरासमोर दोन दातेरी विळे ही इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावाने ओळखली जाणारी खूण. तशी पाती चांगली म्हणून नाव झालं, तेव्हा युरोपातल्या दुसऱ्या गावांच्या लोहारांनी ती खूण उचलली. आपल्याकडच्या लोहारांनीपण उचलली! पोर्तुगीज आणि इतर व्यापारी युरोपातली पाती इकडे आणत, त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवली की झाली 'फिरंग'. मग आमची तलवार खरी फिरंगी की नकली? काका म्हणाले, "दोन्ही खुणा पूर्ण असत्या तर ताडून बघता आलं असतं." मी गप्प बसले.

पात्यावरच्या खुणेला आणि अक्षरांना किती किंमत असते ते गुरुजींनी सांगितलं. नागपूरचे पहिले रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं पातंही युरोपी बनावटीचं आहे. ती रघुजींची हे कशावरून कळलं? पात्याच्या पाठीवर सोन्याने त्यांचं नाव देवनागरीत लिहिलेलं आहे, त्यावरून. माझ्यासारखी कोणी चिंच घेऊन बसली असती तर?

दुसरी गोष्ट पोलादाची. पूर्वी दक्षिण भारतात मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकूडफाटा किंवा कोळसा घालून, तोंड बंद करून खूप तापवत. लोखंड कार्बन शोषून वितळे आणि मूस सावकाश निवू दिली की आत पोलादाचा गोळा मिळे. त्यात कार्बन शेकडा दीड भागाच्या आसपास असे. तेलंगणातील कोनसमुद्रम गावी हे पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येऊन राहत. त्यालाच इंग्रज लोक 'वूट्झ' म्हणत. मायकेल फॅरडेसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानेसुद्धा १८१९ साली लंडनमध्ये त्याची तपासणी केली. या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी दिसते. ती कोणी वरून काढलेली नसते, पोलादातच असते, पण पातं घासून चकचकीत केलं की दिसेनाशी होते. मग घरच्यांना वाटतं, साधं लोखंडच आहे. आणि ते भंगारवाल्याकडे किलोवर जातं.

जपानमध्ये तर गंजालासुद्धा मान आहे. तलवारीचा जो भाग मुठीच्या आत जातो, त्यावर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं आणि तिथला गंज कधीच काढत नाहीत. गंजाचा रंग बघून जाणकार वय ओळखतात. पात्याला पॉलिश करायचं तर तो धंदाच वेगळा, वर्षानुवर्षे शिकावा लागतो. उलट जावा बेटावर 'क्रिस' नावाचा वळणावळणाचा खंजीर असतो, तो त्यांच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात लिंबाच्या रसाने धुतात. म्हणजे धुणं वाईटच असं नाही. पण ते काम तिथले माहीतगार करतात, आणि त्यात सोमलही वापरतात. सोमल म्हणजे विष. आपण त्या फंदात पडू नये.

मला सगळ्यात आवडली ती आफ्रिकेतील सुदान देशाची 'कस्कारा'. सरळ, दुधारी, मूठ क्रुसासारखी. तिची कितीतरी जुनी पाती जर्मनीतल्या झोलिंगेन गावाहून आलेली, आणि त्यांच्यावरपण चंद्राच्या खुणा असतात! तिथल्या लोहारांनीही त्यांची नक्कल केली. कसाला शहरातले लोहार पुढे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून कस्कारा बनवू लागले. आपल्या गावातही कोयता पाट्याचाच करतात. हे मी लोहारकाकांना सांगितलं तर ते खूप हसले.

असली शस्त्रे गोळा करणारे लोक जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेत जॉर्ज कॅमेरॉन स्टोन नावाचे धातुशास्त्रज्ञ होते. त्यांनी आशियातली शस्त्रे जमवली, १९३४ साली देशोदेशीच्या शस्त्रांचा मोठा सचित्र कोश छापला आणि संग्रह न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला ठेवला. मला वाटतं, गोळा करण्यापेक्षा लिहून ठेवणं जास्त मोठं. कुठली, कोणाची हे माहीत नसलेली तलवार म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

आता घरच्यांसाठी. पातं कोरड्या सुती फडक्याने पुसावं. घामाच्या हाताने धरू नये, बोटांचे ठसे गंजतात. शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. गोडेतेल किंवा खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडं ओल धरतं. हळदकुंकू मुठीला लावावं, पात्याला नको. (हे आईला पटलं आहे, आजीला अजून नाही.) शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. ती परदेशी विकता येत नाही. नऊ इंचांपेक्षा लांब पात्यांसाठी शस्त्र कायदा आहे, म्हणून घेण्यादेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारावं. विळा, कोयता शेतीचे म्हणून त्यातून सोडले आहेत.

सातवीच्या वर्गाने एक वही केली आहे. मोठं माणूस शस्त्र धरतं, आम्ही जाड कागदावर त्याची बाह्यरेषा काढतो, लांबी लिहितो, खुणा काढतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं ते लिहितो. घराचं नाव लिहीत नाही, चोरांची भीती. आतापर्यंत पाच घरं झाली. तीन तलवारी, एक कट्यार आणि एक पट्टा, ज्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. तुमच्या घरी काही असेल तर गुरुजींना सांगा, आणि आम्ही येईपर्यंत घासू नका.

वहीच्या पहिल्या पानावर आमची तलवार आहे. दुसरा विळा आबांनी आठवून पेन्सिलीने काढून दिला. त्याखाली मी लिहिलं आहे, "हा आता पात्यावर नाही."

(इयत्ता सातवी)