आपला संगणक कोणाशी बोलतो आहे?

चिरनेर (ता. उरण) : २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमचा फटका येथून जवळच असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरालाही बसला होता. बंदरातील एक टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होते. समूहाची संगणकयंत्रणा कोलमडताच टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. मर्स्कने आपले नुकसान ३० कोटी डॉलरपर्यंत असल्याचे सांगितले होते.

हिशेबाच्या एका युक्रेनी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलेला हा प्रोग्रॅम पुढे एका संगणकातून दुसऱ्यात जाताना ‘पोर्ट ४४५’चा वापर करीत असे. विंडोज संगणक आपापसांत फायलींची देवाणघेवाण करतात ते याच दारातून. बाधित यंत्र शेजाऱ्यांची दारे ठोठावू लागले, की त्याच्या खुणा त्याच यंत्रावर उमटतात आणि त्या पाहण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

विंडोजमधील ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडून इंग्रजीत ‘नेटस्टॅट’ लिहावे, जागा सोडून आडवी रेघ आणि तिला जोडून ए, एन, ओ ही अक्षरे द्यावीत. त्या क्षणी चालू असलेल्या जोडण्यांची यादी समोर येते : आपला पत्ता, पलीकडचा पत्ता, जोडणीची स्थिती आणि शेवटी प्रक्रियेचा क्रमांक. ‘टास्कलिस्ट’ या दुसऱ्या आज्ञेने तो क्रमांक कोणत्या प्रोग्रॅमचा, हे कळते.

यादी वाचताना घाई नको. १२७.०.०.१ हा पत्ता संगणकाचा स्वतःचाच असतो. पोर्ट ४४५ समोर ‘लिसनिंग’ दिसणे हेही विंडोजवर नेहमीचेच. मात्र त्याच पोर्टवर एकामागून एक अनोळखी पत्त्यांकडे ‘सिन सेंट’ अशा नोंदींची रांग लागली असेल, तर यंत्र इतरांशी संपर्काचा प्रयत्न करीत आहे, असे समजावे. नावावर विसंबणेही धोक्याचे. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे विंडोजच्याच एका प्रोग्रॅमचे नाव. ते धारण करणारी फाइल ‘सिस्टिम ३२’ या फोल्डरबाहेर सापडली, तर संशयाला जागा आहे.

ही यादी क्षणभंगुर असते; संगणक बंद केला, की पुरावाही जातो. म्हणून आज्ञेपुढे ‘>’ हे चिन्ह आणि फाइलचे नाव देऊन ती कोऱ्या पेनड्राइव्हवर उतरवावी, मगच नेटवर्कची तार काढावी. फायली डोळ्यांदेखत कुलूपबंद होत असतील, तर मात्र तार आधी. शिवाय मुरलेला प्रोग्रॅम स्वतःला या यादीतूनही लपवू शकतो. त्यामुळे यादी स्वच्छ दिसली म्हणून संगणक निर्दोष ठरत नाही. राउटरवरील नोंदी वेगळ्या पाहाव्या लागतात.

खात्यातून पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह पाहिलेल्या चिरनेरला हा आकडा वेगळा पाठ करावा लागणार नाही. बँकेचे व ई-मेलचे पासवर्डही लगेच बदलावेत, पण दुसऱ्या संगणकावरून.