चंद्राची हवा आणि गटाची वही

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक लांबली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, तोवर चंद्र वर आला. एका ताईची सहावीतली लेक विचारते, "चंद्रावर हवा का नाही?" आई म्हणाली, "गप बस." खरं तर उत्तर आम्हां कुणालाच येत नव्हतं. मी वाचून आले, तेच आज सांगते.

आपल्या हरसूलच्या डोंगरांचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा वर येतो तेव्हा वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायूही बाहेर पडतात. पृथ्वीची पहिली हवा बरीचशी अशाच ज्वालामुखींतून आली. प्राणवायू फार नंतरचा. तो पाण्यातल्या बारीक जिवांनी आणि मग झाडांनी केला.

चंद्रावरचा ससा दिसतो ना, तोही असाच काळा कातळ. म्हणजे वायू तिथेही निघाले. मग गेले कुठे?

गटाची वही आठवा. नुसती जमा बघून चालत नाही, खर्चही बघावा लागतो. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढीच. उन्हानं तापलेले वायूचे कण निसटतात. शिवाय सूर्यातून सतत बारीक कणांचा झोत येतो, त्याला सौरवारा म्हणतात. तोही वायू ओढून नेतो. जमा थोडी, खर्च जास्त. तरी वही अगदी कोरी नाही. २०१९ साली गेलेल्या आपल्या चांद्रयान-२ ला तिथे आरगॉन वायू सापडला. खतातलं पालाश आपल्याला ठाऊक आहे. कातळातल्या पालाशाचा थोडा अंश आपोआप बदलून हा वायू होतो. रात्रीच्या गारठ्यात तो जमिनीला चिकटतो आणि सूर्य उगवला की पुन्हा सुटतो.

मंगळाची हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही विरळ. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला तिथे पोचलं. त्याच सुमारास पोचलेल्या अमेरिकेच्या यानानं मोजलं, सौरवारा तिथली हवा सेकंदाला साधारण १०० ग्रॅम नेतो. ऐकायला मूठभर, पण कोट्यवधी वर्षं चाललंय. पृथ्वीभोवती लोहचुंबकाचं कुंपण आहे, मंगळाचं कधीच गेलं. हिवाळ्यात तर तिथली पाव भागाच्या आसपास हवा ध्रुवावर गोठून बसते आणि उन्हाळ्यात परत येते. आपण कर्ज वाटतो आणि ते फिरून येतं, तसंच.

मंगळावर नद्यांच्या कोरड्या खुणा आहेत. वरून हवेचा भार असला तरच पाणी पाणी म्हणून टिकतं. नाहीतर त्याचा बर्फ होतो किंवा वाफ. उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जाणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. आपला झरा आटला तरी पाऊस त्याला परत भरतो, कारण वर हवा आहे. मंगळावर ती वाटच बंद झाली.

पुढच्या बैठकीत त्या लेकीलाच हे सांगायला उभी करणार आहे. तुमच्याही घरी पोरीनं असं काही विचारलं, तर गप बस म्हणू नका. येत नसेल तर म्हणा, "चल, दोघी मिळून शोधू."