सूर्यफुलातील गणित : मुलांच्या मोजणीतून एक शोध

पक्व सूर्यफुलाचा मधला भाग निरखून पाहिला, तर त्यातील बिया कशाही विखुरलेल्या नसतात, असे आढळून येते. केंद्रापासून कडेकडे जाणाऱ्या वळणदार ओळींत त्या बसलेल्या असतात. काही ओळी उजवीकडे वळतात, काही डावीकडे. या दोन्ही दिशांच्या ओळी वेगवेगळ्या मोजल्या असता बहुधा ३४ आणि ५५, किंवा मोठ्या फुलात ५५ आणि ८९, अशा जोड्या मिळतात. अननसाच्या सालीवरील डोळ्यांच्या तिरप्या ओळी मोजल्यास बहुधा ८ आणि १३ येतात.

हे सर्व आकडे १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ या एकाच मालिकेतील आहेत. आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या, हा तिचा नियम. इटलीतील गणिती फिबोनाची याने १२०२ मध्ये आपल्या ग्रंथात ती मांडली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तथापि, भारतात छंदःशास्त्राचा विचार करताना विरहांकाला आणि पुढे सुमारे ११५० मध्ये आचार्य हेमचंद्रांना ती गवसली होती. लघू अक्षराची एक व गुरू अक्षराची दोन मात्रा धरली, तर तीन मात्रांचा चरण ३ प्रकारे, चार मात्रांचा ५ प्रकारे आणि पाच मात्रांचा ८ प्रकारे रचता येतो. टाळ्या वाजवून मुलांना हे सहज पडताळता येते.

असे का घडते?

फुलाला अर्थातच अंकगणित येत नाही. वाढत्या टोकाशी जेथे सर्वांत मोकळी जागा असते, तेथे नवा अंकुर फुटतो. त्यामुळे लागोपाठच्या दोन अंकुरांमध्ये सुमारे १३७.५ अंशांचा कोन राहतो. हाच कोन ९० अंशांचा असता, तर बिया चारच सरळ ओळींत अडकून मधली जागा वाया गेली असती. १३७.५ अंशांच्या कोनामुळे बिया एकामागे एक न येता सर्व जागा सारखी भरून निघते, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या ओळींची संख्या आपोआप या मालिकेत बसते.

मँचेस्टरचा प्रयोग

संगणकशास्त्राचे एक प्रवर्तक अ‍ॅलन ट्युरिंग यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मँचेस्टर येथे या प्रश्नाचा अभ्यास चालविला होता. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले व तो अपुरा राहिला. २०१२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तेथील विज्ञान संग्रहालयाने नागरिकांना सूर्यफुले लावून ओळी मोजण्याचे आवाहन केले. शाळा व कुटुंबे यांनी त्यास उत्साहाने प्रतिसाद दिला. ६५७ फुलांच्या नोंदींवर आधारलेला शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य फुलांत फिबोनाची संख्या आढळल्या. परंतु सुमारे पाचांतील एका फुलात त्या नव्हत्या, किंवा मांडणी अधिक गुंतागुंतीची होती. फिबोनाची संख्येहून नेमकी एकाने कमी ओळी असलेली फुले एकाने जास्त ओळी असलेल्या फुलांपेक्षा अधिक निघाली. कोणताही सिद्धांत मांडताना या अपवादांचाही उलगडा करावा लागेल, हे या मोजणीमुळे स्पष्ट झाले.

शाळेत काय करता येईल?

सूर्यफूल महाराष्ट्राच्या शेतांना अपरिचित नाही. वाळलेले एक फूल, रंगीत खडू आणि वही एवढ्या साहित्यावर हा प्रयोग होऊ शकतो. कडेजवळची एक ओळ रंगवून तेथून मोजणीस आरंभ करावा, म्हणजे तीच ओळ दोनदा मोजली जात नाही. प्रत्येक दिशेच्या ओळी दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मोजाव्यात व दोघांचे आकडे जुळल्यावरच नोंद करावी. शेवंती, सीताफळ, निवडुंग यांचीही अशीच पाहणी करता येईल.

शिक्षकांनी मात्र एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. अपेक्षित उत्तर आधी सांगितले, तर मुले तेच शोधतात. फेरमोजणीनंतरही ३३ आले, तर वहीत ३३च लिहिले जावे. मँचेस्टरच्या प्रयोगाचे मोल अशाच प्रामाणिक नोंदींत होते.