माळ्यावरचे दिवे

सभागृहाच्या माळ्यावरील जुने दिवे भंगारात द्यावेत की पुन्हा रंगमंचावर टांगावेत, हा प्रश्न स्नेहसंमेलनाच्या तयारीत दरवर्षी निघतो. नवे एलईडी दिवे घेण्यासाठी अनेक माजी विद्यार्थ्यांनी मदतीचा हात पुढे केला आहे आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. तरीही जुन्या दिव्यांची बाजू मांडणे आम्हांस आवश्यक वाटते; त्यांचे धोकेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांची परंपरा आपणांस सांगायला नको. वीज न पोहोचलेल्या वस्त्यांत ते जलसे कंदील आणि गॅसबत्तीच्या उजेडात रंगले. पुढे बंगालमध्ये तापस सेन यांनी उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या 1959 च्या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत असल्याचा भास प्रकाशाने उभा केला. प्रकाशयोजना महागड्या यंत्रांवर नव्हे, तर प्रकाश कोठून आणि कसा येतो याच्या जाणिवेवर उभी राहते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्याकडे तीन जातींचे दिवे आहेत. पहिला ‘पार 64’. त्यातील आकडा दिव्याच्या व्यासाचा असून तो इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. म्हणजे व्यास 8 इंच. त्याचा झोत लंबगोल पडतो. डब्यातला दिवा फिरवला की लंबगोलही आडवा-उभा होतो, ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने पुष्कळजण अख्खा डबाच वाकडा टांगतात. दुसरा फ्रेनेल. त्याचे वलयांकित भिंग ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी घडवलेल्या भिंगाचे वंशज आहे. आतील दिवा भिंगाजवळ सरकवला की झोत पसरतो, मागे नेला की आवळतो आणि कडा मऊ राहतात. तिसरा प्रोफाइल. त्याची कड धारदार असते आणि आतील पात्यांनी झोत हवा तसा कापता येतो. पत्र्यात पिंपळपान कोरून त्याच्या खाचेत बसवले, तर मागच्या पडद्यावर पानाची प्रकाशाकृती उमटते. मात्र भिंग प्रतिमा उलटी करते, म्हणून पान देठ वर करून बसवावे लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपली मुले बहुतांशी सावळी आहेत. रंगमंचावर चेहरे दिसत नाहीत म्हणून त्यांना पांढरट पावडर फासण्याची रीत कित्येक शाळांत आहे, आणि आमच्याकडेही ती होती, हे लपवण्यात अर्थ नाही. सिद्धार्थाची भूमिका करणाऱ्या मुलाला आपला रंग झाकूनच मंचावर जावे लागते, हे त्याच्या मनात किती खोल रुतत असेल! वस्तुतः दोष चेहऱ्याचा नसून प्रकाशाचा असतो. तपकिरी त्वचा तांबडा प्रकाश अधिक परावर्तित करते आणि निळा कमी. म्हणून निळ्या-हिरव्या जिलेटिनखाली चेहरा राखाडी, मलूल दिसतो. तापलेल्या तारेच्या दिव्यात सर्व रंग सलग असतात आणि तांबडा-पिवळा भरपूर असतो. लाल-हिरवा-निळा एवढेच मिसळणाऱ्या स्वस्त एलईडीत मधला पिवळा-नारिंगी भाग अपुरा पडतो, त्यामुळे त्याच त्वचेचे तेज हरपते. उपाय असा : समोरून दोन बाजूंनी, साधारण 45 अंशांच्या उंचीवरून, फिकट अंबर जिलेटिनचे दोन दिवे, आणि एक दिवा मागून डोक्यावर, म्हणजे काळे केस काळ्या पडद्यात हरवत नाहीत. पावडरीची गरज उरत नाही.

दुसरा गुण मंद होण्याचा. डिमरने तार मंदावली की प्रकाश केवळ कमी होत नाही, तर पिवळा, नारिंगी, शेवटी तांबूस होत विझतो. किसा गोतमी गावातले दिवे एकामागून एक मालवताना पाहते, त्या प्रसंगाला असे विझणे शोभते. साधा एलईडी मंदावताना रंग बदलत नाही, आणि जुन्या डिमरवर लावला तर बहुधा लुकलुकतो. डिमरच्या तारा मात्र माइकच्या तारांपासून दूर ठेवाव्यात. अन्यथा ध्वनिक्षेपकात गुणगुण ऐकू येते.

धोके मात्र गंभीर आहेत. 1000 वॉटचा एक दिवा 230 व्होल्टवर सुमारे 4.3 अँपिअर घेतो. म्हणजे 16 अँपिअरच्या एका जोडणीवर तीनच दिवे. आठ दिव्यांना सुमारे 35 अँपिअर लागतात, तेव्हा वर्गखोलीतून एक्स्टेंशन ओढून भागत नाही. परवानाधारक वायरमनने मुख्य फलकापासून स्वतंत्र लाइन टाकली पाहिजे. जुन्या डब्याचे अंग धातूचे असल्याने तिसऱ्या पिनेची अर्थिंग तपासल्याखेरीज तो लावूच नये. फार जुन्या दिव्यांच्या तारांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे आवरण असू शकते. असा दिवा मुलांच्या हाती देऊ नये आणि त्याची तार सोलत बसू नये. जाणकाराकडून तारा बदलून घ्याव्यात. प्रत्येक दिव्याला हुकाशिवाय वेगळी साखळी हवी. हॅलोजनच्या काचेला उघड्या बोटाचा स्पर्श झाला, तर त्वचेचे तेल तापून काच तडकू शकते. पडदा आणि दिवा यांत अंतर हवे, आणि दिवा विझल्यावर बराच वेळ त्याला हात लावू नये. गरम असतानाच दिवे हलवण्याची घाई प्रयोगानंतर सर्वांनाच होते.

म्हणून आमची विनंती अशी की, देणगीतून मागच्या पडद्याला रंग देण्यासाठी एलईडी घ्यावेत. तेथे ते विजेची मोठी बचत करतात आणि तापतातही कमी. चेहऱ्यांसाठी जुने सहा दिवे राखावेत. त्यांच्या नव्या तारा, पोर्सिलेनचे होल्डर आणि साखळ्या यांचा खर्च नव्या दिव्यांच्या मानाने थोडा आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वायरमन असतील, तर त्यांनी वर्षावासाच्या सुट्टीतील एखादा रविवार द्यावा. नववीच्या दोन मुली डिमर चालवायला शिकत आहेत आणि शिडी धरायला कोणीतरी मोठे माणूस लागते.