उखळातून आलेला निरोप

उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या सेंट कोलम्ब्स कॅथीड्रलमध्ये शिरताना दाराशीच एक लोखंडी गोळा ठेवलेला आहे. आतून पोकळ. १६८९ च्या वेढ्यात तो तटावरून आत येऊन पडला, पण त्यात दारू नव्हती. शरणागतीच्या अटींचे कागद होते! टपाल पोचवायची ही पद्धत भलतीच.

अशा पोकळ गोळ्याला जुन्या मराठीत ‘कुलपी गोळा’ म्हणत. तो डागणारी तोफही वेगळी. लांब नळीची तोफ गोळा जवळजवळ सरळ फेकते, तट फोडायचा तिनेच. दुसरी आखूड, रुंद तोंडाची, आभाळाकडे ‘आ’ करून बसलेली. तिचा गोळा उंच जातो, तट ओलांडतो आणि थेट घरांच्या छपरांवर उतरतो. तिला इंग्रजीत मॉर्टर म्हणतात, म्हणजे कुटायचा खल. आणि मराठीत? उखळी तोफ! नाव दोन्हीकडे स्वयंपाकघरातलंच.

वेढा घालणाऱ्या दुसऱ्या जेम्सच्या, म्हणजे इंग्लंडच्या पदच्युत राजाच्या, फौजेकडे जड तोफा फार थोड्या होत्या, उखळ्या मात्र होत्या. त्यामुळे १०५ दिवसांत घरं कोसळली, माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, पण तटाला भगदाड काही पडलं नाही. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, हे डेरीकरांइतकं अक्षरशः कुणी जगलं नसेल.

त्या तटावर आजही जुन्या तोफा आहेत. सगळ्यात नावाजलेली ‘रोअरिंग मेग’, गर्जणारी मेग. लंडनच्या मासळीवाल्यांच्या संघाने १६४२ मध्ये दिलेली. त्या काळच्या तोफांच्या जातींची नावं म्हणजे तर प्राणिसंग्रहालयच. ‘कल्व्हरिन’च्या मुळाशी लॅटिनमधला साप आहे, ‘सेकर’ हा ससाणा, ‘फाल्कनेट’ त्याचं पिल्लू. आपला जंबुराही त्यातलाच, फारसीतली गांधीलमाशी. सुतरनाळेतला उंट मात्र उपमेचा नव्हे, तो बिचारा खरोखर तोफ पाठीवर वाहायचा.

आयरिश भाषेने हा सगळा पसारा दोन शब्दांत आवरला. तोफ म्हणजे ‘गुन्ना मोर’, मोठी बंदूक. यातला ‘गुन्ना’ इंग्रजी ‘गन’वरून आला. आणि ‘गन’? विंडसर किल्ल्याच्या १३३०-३१ च्या शस्त्रयादीत धनुष्यासारख्या एका अवाढव्य यंत्राचं नाव आहे ‘डोमिना गुनिल्डा’, म्हणजे गुनिल्डाबाईसाहेब. ‘गन’ हा शब्द याच नावातून निघाला, असं बहुतेक कोशकार मानतात. म्हणजे मेगला एक थोरली बहीणही होती.