वाल आणि नाचणीच्या मुळातले सोबती

आज आपण खताबद्दल बोलणार आहोत, पण गोणीतल्या खताबद्दल नाही. पिकाच्या अंगात राहून पिकाला पोसणाऱ्या आणि राखणाऱ्या जिवाणूंबद्दल बोलणार आहोत.

जिवाणू म्हटलं की आपल्याला आधी दुखणं आठवतं. पण रात्री दुधाला विरजण लावतो, सकाळी दही होतं, ते काम जिवाणूंचंच. घरात जसे दह्याचे जिवाणू, तसे शेतातही कामाचे जिवाणू असतात. काही मातीत राहतात, काही थेट झाडाच्या मुळात, खोडात, बियांतसुद्धा.

आधी आपला वाल घेऊ. भात कापलं की जमिनीतल्या ओलीवर आपण वाल पेरतो. भाताला युरिया लागतो, वाल मात्र त्याच्याशिवायही हिरवागार दिसतो. असं का? आपल्या भोवतीच्या हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला तो हवेतून घेता येत नाही. वालाच्या मुळात रायझोबियम नावाचे जिवाणू शिरतात. झाड त्यांच्यासाठी मुळावर गाठी तयार करतं, पानात बनलेली साखर त्यांना देतं. त्याच्या बदल्यात ते हवेतला नत्र झाडाला चालेल अशा रूपात देतात. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक या शास्त्रज्ञाने हे गाठींतले जिवाणू पहिल्यांदा वेगळे करून दाखवले. चवळी, मूग, तूर, कुळीथ यांच्या मुळांवरही अशाच गाठी असतात.

या गाठी तुम्हाला घरीच तपासता येतील. वाल फुलोऱ्यावर आला की एक झाड खुरप्याने मातीसकट अलगद काढा. ओढू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर जिवाणू काम करताहेत. पांढरी किंवा हिरवट दिसली तर काम होत नाही. आणखी एक खूण लक्षात ठेवा. कामाची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने चटकन सुटते. मूळच जागोजागी सुजलेलं असेल आणि ती सूज सुटत नसेल, तर तो सूत्रकृमीचा रोग. दोन्हींत गल्लत करू नका.

गाठी कमी असतील तर बियाण्याला रायझोबियम लावायचं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट पुरतं, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. बियाणं ओलसर होईल इतकंच ते पाणी शिंपडा, पाकिटातली पावडर हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. ऊन लागलं किंवा पाणी गरम राहिलं तर जिवाणू मरतात. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. पाकिटावर पीक कोणतं आणि मुदत कधीपर्यंत, हे वाचूनच घ्या. आणि वालाला जास्त युरिया देऊ नका. आयता नत्र मिळाला की झाड गाठी कमी बांधतं. मग युरियाचे पैसेही गेले आणि फुकटचा नत्रही गेला.

वाल काढताना उपटण्याऐवजी विळ्याने कापता आला तर कापा. बराचसा नत्र दाण्यांत गेलेला असतो हे खरं, पण मुळात आणि पाल्यात उरतो तो शेतातच राहील, पुढच्या भाताला उपयोगी पडेल.

आता नाचणी. तिच्या मुळावर गाठी येत नाहीत, पण तिच्या आतही जिवाणू राहतात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात वला मूसा या इजिप्तच्या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाचणीच्या मुळातला असा एक जिवाणू शोधला. २०१६ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. गहू-मक्याला लागणारी एक बुरशी मुळाजवळ आली की हा जिवाणू मुळातून बाहेर तिच्या दिशेने जातो. त्याच वेळी मुळावरचे बारीक केस वाढून वाकतात, त्यांचं जाळं तयार होतं. बुरशी जाळ्यात अडकते आणि जिवाणू तिला मारतात. अंगणाला कुंपण घालून राखणदार बसवावा तसंच हे! म्हणून नाचणीला रोगच येत नाही असं मात्र समजू नका. करपा तिलाही येतो.

भात आणि नाचणीला अझोस्पिरिलमचं पाकीट लावता येतं. त्याने मुळं चांगली वाढतात आणि थोडा नत्र मिळतो. पण वालातल्या रायझोबियमइतका नाही, त्यामुळे शेणखत बंद करू नका.

मैत्रिणींनो, झाडातले बरेच जिवाणू बियांतून पुढच्या पिढीत जातात. डोंगरउतारावरची नाचणी कमी होत चालली आहे. घरचं जुनं बी संपलं, तर त्याच्यासोबत आलेले असे सोबतीही संपू शकतात. कणगीत मूठभर का होईना, जुनं बी असेल तर ते दरवर्षी पेरून जिवंत ठेवा, गटात एकमेकींना द्या.

यंदा एक काम करू या. एकाच शेतात वालाची एक ओळ रायझोबियम लावून पेरा, एक न लावता. फुलोऱ्याच्या वेळी दोन्ही ओळींतलं एकेक झाड गटाच्या बैठकीत आणा. सगळ्याजणी मिळून गाठी मोजा, फोडून बघा आणि वहीत लिहा. पुढच्या वर्षी पाकिटावर पैसे घालायचे की नाही, ते त्या वहीवरून ठरवता येईल.